२^६४ − १ : एका वीस अंकी संख्येच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पासाठी संख्या ठरली: १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजेच २^६४ − १. (या वहीत ^ हे चिन्ह घातासाठी.) आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. पुढच्या सगळ्या नोंदींत हिला 'म' म्हणेन.

संगणकात ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. द्विमान पद्धतीत लिहिली की चौसष्ट वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. कुठल्याही गणिती सॉफ्टवेअरला हिचे मूळ अवयव विचारा, पापणी लवायच्या आत उत्तर येतं. नेमकी म्हणूनच ही घेतली. उत्तर सगळ्यांना मिळतं, पण ते बरोबर कशावरून, हे क्वचितच कुणी मांडून दाखवतं. म्हणून वहीची अट अशी: म विषयी जे विधान इथे येईल त्याचा पुरावा कागद-पेन्सिलीने तपासता आला पाहिजे. यंत्राचं काम फक्त लांबलचक गुणाकार पडताळण्याचं.

यंत्र वापरतानाही एक सावधगिरी. दशांशचिन्हाच्या संख्यांसाठी असलेला 'डबल' हा प्रकार वापरला तर म च्या जागी शेवटी ६१६ असलेली संख्या मिळते. त्या प्रकारात ५३ सार्थ बिटं असतात, म ला ६४ लागतात, म्हणून जवळची २^६४ धरली जाते. मोजमापात एवढा फरक कुणी पाहणार नाही. संख्या सिद्धांतात मात्र तो पूर्ण वेगळा जीव आहे: २^६४ चा मूळ अवयव फक्त २, आणि म च्या अवयवांत २ औषधालाही नाही.

७ जानेवारी

पहिली फोड. अ² − १ = (अ − १)(अ + १) हे शाळेतलं सूत्र पुन्हा पुन्हा लावलं:

म = (२^३२ + १)(२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

शेवटी (२ − १) उरतो, तो १ असल्याने सोडला. कंसांच्या किमती लहानापासून मोठ्याकडे: ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. या फर्मा संख्या: २ चा घात अधिक १, आणि तो घातांकही १, २, ४, ८ असा २ चाच घात. त्यांना क्रमाने फ०, फ१, फ२, फ३, फ४, फ५ अशी नावं दिली.

घातांक ६४ हा स्वतः २ चा घात आहे, म्हणून हे सूत्र शेवटपर्यंत चालतं. शेजारच्याच २^६७ − १ मध्ये ते लावायला जागाच नाही. तिचे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ असल्याचं फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये दाखवलं. म त्या मानाने किती उदार संख्या आहे हे अशा तुलनेतून कळतं.

९ जानेवारी

हे सहा कंस एकमेकांशी सहमूळ (१ सोडून सामाईक अवयव नसलेले) आहेत का? परवाचंच सूत्र सांगतं की कुठल्याही फर्मा संख्येतून २ वजा केले की तिच्या आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो. उदाहरणार्थ ३ × ५ × १७ = २५५ = २५७ − २. आता एखादी मूळ संख्या दोन फर्मा संख्यांना भागत असेल, तर ती मोठीलाही भागते आणि 'मोठी वजा २' लाही. म्हणजे २ ला भागते. पण सगळ्या फर्मा संख्या विषम. तेव्हा अशी मूळ संख्या नाही. गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रात हा युक्तिवाद आहे. त्यातून मूळ संख्या अनंत आहेत हेही आपोआप निघतं, कारण प्रत्येक फर्मा संख्येला स्वतःचा निदान एक वेगळा मूळ अवयव हवाच.

आपल्यापुरता फायदा: आता प्रत्येक कंस सुटा तपासला तरी चालेल.

१२ जानेवारी

आजची नोंद लांब, कारण पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

विषम मूळ संख्या प घ्या. २, ४, ८, १६ असे २ चे घात प ने भागत जा आणि बाक्या लिहा. ज्या घाताला पहिल्यांदा बाकी १ येते, त्याला मी 'प मधलं २ चं चक्र' म्हणेन. ७ साठी बाक्या २, ४, १, म्हणून चक्र ३. नंतर बाक्या पुन्हा त्याच क्रमाने येतात, म्हणून ज्या ज्या घाताला बाकी १ येते तो घात चक्राच्या पटीत असतो. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे २^(प − १) ची बाकी १ असते, तेव्हा चक्र प − १ ला भागतं.

समजा प ही फ५ ला भागते. म्हणजे २^३२ ≡ −१ (मापांक प); ≡ चा अर्थ, दोन्ही बाजूंना प ने भागलं की बाकी सारखीच. वर्ग केला की २^६४ ≡ १. चक्र ६४ ला भागतं, ३२ ला भागत नाही, म्हणून ते बरोबर ६४. म्हणजेच प = ६४क + १ या आकाराचीच असली पाहिजे. तसंच फ४ साठी चक्र ३२ आणि आकार ३२क + १. हा ऑयलर यांचा शोध.

ल्युका यांनी १८७८ मध्ये हा आकार दुपटीने कडक केला: फ५ च्या बाबतीत १२८क + १. पुस्तकांत याचा पुरावा बहुधा वर्गशेषांच्या नियमावरून देतात. मला वहीच्या अटीत बसणारा, हाताने करता येणारा पुरावा हवा होता. तो असा. स = २^८ × (२^१६ − १) घ्या. मग

स² = २^१६ × (२^३२ − २^१७ + १)

प ही २^३२ + १ ला भागते, म्हणून कंसात फक्त −२^१७ उरतो. स² ≡ −२^३३ = −२ × २^३२ ≡ २. म्हणजे प च्या जगात २ ला वर्गमूळ आहे आणि ते आपण लिहूनही दाखवलं. स चा ६४ वा घात म्हणजे २ चा ३२ वा, म्हणजे −१. म्हणून स चं चक्र १२८. तेही प − १ ला भागतं. झालं.

तीन ओळींचा हा पुरावा मला या सगळ्या विषयातला सर्वांत समाधानकारक वाटतो. कसलंही मोठं प्रमेय न वापरता उमेदवारांची यादी अर्धी झाली.

१३ जानेवारी

३, ५, १७ बद्दल लिहायची गरज नाही. २५७ साठी १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकही जात नाही.

६५५३७ साठी २५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्या होत्या. कालच्या आकारामुळे ३२क + १ एवढ्याच उरतात: ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३, २२५. यांत मूळ दोनच, ९७ आणि १९३. ६५५३७ ला ९७ ने भागून बाकी ६२, १९३ ने भागून बाकी ११०. दोन भागाकारांत फ४ मूळ ठरली.

१६ जानेवारी

आता फ५ = ४२९४९६७२९७.

फर्मा यांनी १६४० च्या सुमारास या आकाराच्या सर्व संख्या मूळ असाव्यात असं मत पत्रांतून व्यक्त केलं होतं. १७३२ मध्ये ऑयलर यांनी फ५ ला ६४१ ने भाग जातो हे दाखवून ते खोटं ठरवलं. ६४क + १ ही यादी घेतली तर मूळ उमेदवार क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवाच लागू पडतो. आणि १२८क + १ ची यादी घेतली तर १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतल्या मूळ संख्या दोनच. त्यातली २५७ म्हणजे फ३, ती सहमूळपणामुळे आधीच बाद. म्हणजे भागून पाहायचा पहिलाच उमेदवार ६४१!

भागाकारही टाळता येतो. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्यावरून ५ × २^७ ≡ −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ≡ १. दुसऱ्यावरून ५^४ ≡ −२^४. ते आत घातलं की −२^३२ ≡ १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. दहा अंकी संख्या कुठे लिहावीही लागली नाही.

भागाकार करायचाच तर ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

१८ जानेवारी

६७००४१७ मूळ आहे का? बहुतेक ठिकाणी इथे 'संगणकावर तपासलं' एवढंच लिहिलेलं असतं. वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर. साध्या रीतीने तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला हवं, आणि त्या तीनशेहून अधिक आहेत.

पण ६७००४१७ चा कुठलाही मूळ अवयव हा फ५ चाही अवयव, म्हणून आकार पुन्हा १२८क + १. २५८८ पर्यंतच्या या यादीतून ३ आणि ५ च्या पटी लगेच गळतात. मग १५३७ = २९ × ५३, १७९३ = ११ × १६३, १९२१ = १७ × ११३, २१७७ = ७ × ३११, २५६१ = १३ × १९७ हेही गळतात. शिल्लक मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ सहमूळपणामुळे नको. उरलेले चार भागाकार:

६७००४१७ = ६४१ × १०४५३ + ४४
६७००४१७ = ७६९ × ८७१३ + १२०
६७००४१७ = ११५३ × ५८११ + ३३४
६७००४१७ = १४०९ × ४७५५ + ६२२

चारही वेळा बाकी उरते. ६७००४१७ मूळ. तीनशेच्या वर भागाकारांचं काम चार भागाकारांत झालं, आणि तेही ज्याला हवं त्याने आत्ता कागदावर करून बघावेत असे.

म = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

१९ जानेवारी

फोड हातात आल्यावर लगेच निघणाऱ्या गोष्टी. सातही मूळ अवयव वेगळे, म्हणून कुठल्याही वर्गाने (१ सोडून) भाग जात नाही. विभाजक २^७ = १२८. विभाजकांची बेरीज भागिले म सुमारे १.७०३४ येते, २ पेक्षा कमी, म्हणून म न्यून संख्या आहे. अंकांची बेरीज ८७: ३ ने भाग जातो, ९ ने नाही, फोडीशी जुळतं.

२४ जानेवारी

वर्गांच्या बेरजा. या भागासाठी वेगळी बैठक ठेवली होती आणि ती सार्थकी लागली.

फ५ उघडच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५५३६² + १². ऑयलर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती: ४क + १ आकाराची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच तऱ्हेने मांडता येते. म्हणून फ५ साठी दुसरी मांडणी सापडली, तर तेवढ्यानेच ती संयुक्त ठरते. आणि अशी मांडणी आहे:

४२९४९६७२९७ = ६२२६४² + २०४४९²

३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१, बेरीज करून पाहा.

ही आली कुठून? दोन्ही अवयव वर्गांच्या बेरजेत लिहिले: ६४१ = २५² + ४², ६७००४१७ = २५५६² + ४०९². आता ब्रह्मगुप्ताचं सूत्र, इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतातलं. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की पुन्हा दोन वर्गांची बेरीज येते, आणि तीही दोन तऱ्हांनी:

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²
(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)²

इथे अक = २५ × २५५६ = ६३९००, बड = ४ × ४०९ = १६३६. वजाबाकी ६२२६४, बेरीज ६५५३६. आणि अड = २५ × ४०९ = १०२२५, बक = ४ × २५५६ = १०२२४. बेरीज २०४४९, वजाबाकी १.

१०२२५ आणि १०२२४. फ५ च्या 'अधिक १' मधला तो १ इथून येतो: दोन गुणाकार फक्त एकाने चुकतात म्हणून. हे लिहून झाल्यावर बराच वेळ पुढचं काही घेतलं नाही. ६४१ हा अवयव नुसता सापडलेला आकडा होता; आता तो कसा बसला आहे हे दिसतं.

२७ जानेवारी

स्वतः म चं काय? ४ ने भागून बाकी ३. वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते, दोन वर्गांच्या बेरजेला ३ कधीच येत नाही. म्हणून दोन वर्ग नाहीत. ८ ने भागून बाकी ७. वर्गाच्या बाक्या ०, १, ४. त्यांतल्या कुठल्याही तिघांची बेरीज ८ च्या मापाने ७ होत नाही. म्हणून तीन वर्गही नाहीत. लाग्रांज यांच्या १७७० च्या प्रमेयाप्रमाणे चार वर्ग पुरतात, पण वहीच्या अटीप्रमाणे ते चार वर्ग दाखवायला हवेत.

म ÷ ३ = ६१४८९१४६९१२३६५१७२०५ = ५ × १७ × २५७ × ६५५३७ × फ५. या प्रत्येकात एक वर्ग अधिक १ आहे, तेव्हा ब्रह्मगुप्ताचं सूत्र ओळीने लावत गेलो:

(२² + १)(४² + १) = ७² + ६²
× (१६² + १) → १०६² + १०३²
× (२५६² + १) → २७०३३² + २६४७४²
× (६५५३६² + १) → १७७१६०८२१४² + १७३५०२७०९७²

आता ३ ने गुणायचं. (अ + ब)² + (अ − ब)² = २(अ² + ब²), म्हणून ३(अ² + ब²) = अ² + ब² + (अ + ब)² + (अ − ब)². म्हणजे:

म = १७७१६०८२१४² + १७३५०२७०९७² + ३५०६६३५३११² + ३६५८१११७²

याहून कमी वर्गांत होणार नाही, आणि चारांत होतं हे समोर आहे. म ÷ ३ चे सहाही मूळ अवयव ४क + १ आकाराचे आणि वेगवेगळे, म्हणून तिची दोन वर्गांत मांडणी ३२ तऱ्हांनी होते; वरची त्यातली एक.

१ फेब्रुवारी

आवर्ती अपूर्णांक. १२ जानेवारीच्या 'चक्रा'चा दुसरा अर्थ: १/प द्विमान पद्धतीत लिहिला की किती बिटांनी पुनरावृत्ती होते तेच हे चक्र. म च्या अवयवांची चक्रं अशी: ३ चं २, ५ चं ४, १७ चं ८, २५७ चं १६, ६५५३७ चं ३२, आणि ६४१ व ६७००४१७ या दोघांचं ६४.

उलट दिशेने वाचलं तर हे फार ठाम विधान होतं. चक्र ६४ ला भागतं अशी कुठलीही विषम मूळ संख्या म ला भागलीच पाहिजे. म्हणून मूळ संख्या अनंत असूनही ज्यांचं चक्र बरोबर ६४ आहे अशा जगात दोनच: ६४१ आणि ६७००४१७. तिसरी सापडण्याची शक्यताच नाही. म ची फोड म्हणजे या सात संख्यांची संपूर्ण हजेरी आहे.

१/६४१ मध्ये पुन्हा पुन्हा येणारा ६४ बिटांचा तुकडाही लगेच मिळतो: म ÷ ६४१ = २८७७८०७१८७७८६२०१५, द्विमानात लिहून डावीकडे नऊ शून्यं लावायची.

दशमान पद्धतीत हाच हिशेब सगळी शिस्त बदलतो. ६४१ साठी १० चे घात वर्ग करत गेलो: १०^२ ची बाकी १००, १०^४ ची ३८५, १०^८ ची १५४, १०^१६ ची −१. म्हणून १/६४१ ची दशमान पुनरावृत्ती ३२ अंकांची, द्विमानापेक्षा निम्मी. २५७ साठी बाक्या १००, −२३, १५, −३२, −४, १६ आणि १०^१२८ ला −१. म्हणून पुनरावृत्ती २५६ अंकांची, द्विमानात तीच १६ बिटांची होती. फोड संख्येची स्वतःची असते, चक्र मात्र आपण कुठल्या पायात लिहितो त्यावर ठरतं.

५ फेब्रुवारी

म पेक्षा लहान आणि म शी सहमूळ संख्या किती? प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार: २ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५५३६ × ६७००४१६ = ९२०८९८१६२८६७०४४३५२०. म च्या निम्म्यापेक्षा किंचित कमी.

फ० ते फ४ या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार घेतला की २^३२ − १ = ४२९४९६७२९५ मिळते आणि तिच्यासाठी हाच आकडा स्वच्छ २^३१ येतो. याचा भूमितीशी थेट संबंध आहे. गाउस यांनी १७९६ मध्ये सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येते हे दाखवलं. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असलीच पाहिजे, ही उलट बाजू वाँत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केली. आजवर माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच. म्हणून ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती ही काढता येण्याजोगी माहीत असलेली सर्वांत मोठी विषम बाजूंची सुसम बहुभुजाकृती. म बाजूंची काढता येत नाही. ६४१ आड येतो, कारण ६४० मध्ये ५ आहे.

म चे १२८ विभाजक मांडताना आणखी एक गोष्ट दिसली. पास्कलच्या त्रिकोणात सम संख्येऐवजी ० आणि विषम संख्येऐवजी १ लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... कारण असं: सम-विषमापुरतं (१ + क्ष)^२ आणि १ + क्ष^२ यांत फरक नाही, म्हणून ओळीचा क्रमांक द्विमानात लिहिला की त्यातल्या प्रत्येक १ मागे एक फर्मा संख्या गुणली जाते. शून्यापासून मोजलं तर ६३ वी ओळ सगळी विषम: चौसष्ट एक. म्हणजे म स्वतः. आणि तिच्या वरच्या सगळ्या ओळी म च्या विभाजकच.

९ फेब्रुवारी

फर्मा-चाचणी. २^(म − १) ला म ने भागून बाकी १ आली नाही तर म नक्की संयुक्त. म − १ = २^६४ − २, तिला ६४ ने भागून बाकी ६२. म च्या जगात २ चं चक्र ६४, म्हणून बाकी २^६२. एका ओळीत म उघडी पडली.

फ५ मात्र या चाचणीतून सहीसलामत सुटते. फ५ − १ = २^३२ ही ६४ च्या पटीत आहे, म्हणून बाकी १ येते. हे प्रत्येक फर्मा संख्येच्या बाबतीत घडतं: २ हा पाया त्यांच्यापुढे आंधळा आहे. म्हणूनच फर्मा संख्या मूळ आहे का हे पाहणाऱ्या पेपँ यांच्या १८७७ च्या चाचणीत पाया ३ घेतात. पाया बदलला की चाचणीची नजर बदलते, हे विद्यार्थ्यांना शिकवायला फ५ इतकं चांगलं उदाहरण नाही.

आणखी: २^३२ चा वर्ग म च्या मापाने १, पण २^३२ स्वतः १ किंवा −१ नाही. १ आणि −१ धरून १ ची वर्गमुळं म ला एकूण १२८ आहेत, सात अवयवांपैकी प्रत्येकापाशी +१ किंवा −१ निवडून. आणि म शी सहमूळ असलेल्या प्रत्येक संख्येची बाकी १ आणणारा सर्वांत लहान सामाईक घात १७१५३०६४९६०; म्हणजे ६५५३६ × ३ × ५ × १७४४९. एवढ्या मोठ्या घेऱ्यात २ फक्त ६४ पावलांत घरी येतो.

१४ फेब्रुवारी

म चं काम वहीपुरतं पूर्ण झालं. पुढची संख्या म × (२^६४ + १) = २^१२८ − १. नवा कंस फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म पेक्षा फक्त दोनने मोठा आणि म शी सहमूळ.

त्याच युक्तीत स = २^१६ × (२^३२ − १) घेतलं की अवयवांचा आकार २५६क + १ ठरतो. लाँद्री यांनी १८८० मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी ही संख्या फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. पहिल्या अवयवासाठी क = १०७१. तिथवर हाताने पोचायचं तर ३, ५, ७, ११, १३ च्या पटी आधी गाळून उमेदवारांची यादी लहान करावी लागेल. चाळणीचा तक्ता आखून ठेवला आहे.

२७४१७७ = ५१६² + ८९². दुसऱ्या अवयवाचे दोन वर्ग काढले की २४ जानेवारीचा हिशेब फ६ वर करून बघायचा: तिथेही दोन गुणाकारांत एकचाच फरक पडला पाहिजे, कारण फ६ = ४२९४९६७२९६² + १².